बटणावरचा अंगठा काढा

पाण्यातून बाहेर काढलेल्या मोटरसायकलचं सगळ्यांत मोठं नुकसान बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात होतं. ओढ्याच्या फरशी पुलावरून ढकलत काठाला आणली, रेनकोटची टोपी मागे सारली आणि अंगठा थेट बटणावर. सेल मारला. परत मारला. गाडी घेईना म्हणून दाबूनच धरला. आतून ‘ठक्’ असा आवाज आला आणि पुढे सगळं गप्प. त्या एका आवाजाचे गॅरेजमध्ये काही हजार रुपये होतात, आणि ते पाण्यानं नेलेले नसतात.

म्हणून आधी मुद्द्याचं. गाडी पाण्यात बंद पडली किंवा रात्रभर पाण्यात उभी राहिली, तर बटण दाबू नका. किक मारू नका. उतारावर नेऊन दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून उचलायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. चावी बंद करा, काढून खिशात ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत घरी किंवा गॅरेजला न्या. एवढं पाळणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा थोडक्यात सुटते.

कारण समजून घ्या, म्हणजे मोह आवरेल. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर सर्रास दिसणारी शंभर सीसीची गाडी घ्या. तिच्या सिलिंडरची क्षमता ९७.२ घनसेंटिमीटर. पिस्टन वर आला की आतली हवा साधारण दहापट दाबली जाते. हिशेब मांडला तर पिस्टनच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम अकरा घनसेंटिमीटर भरते. औषधाचे दोन चमचे! तेवढं पाणी आत असलं की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. खालून सेलची मोटर रेटते, वर पाणी अडवून धरतं, आणि मधल्या कनेक्टिंग रॉडवर सगळा जोर येतो. मोटर नुसती अडली तर नशीब म्हणायचं. पण उतारावरून ढकलताना गाडीचं आणि तुमचं मिळून दोनशे किलो वजन त्या रॉडवर येतं, तेव्हा तो वाकतोच. कधी केसभर वाकतो आणि गाडी चालूही होते. मालक खूश. पुढे दोन-तीन महिन्यांनी तोच रॉड भर रस्त्यात तुटतो आणि इंजिनची पेटी फोडून बाहेर येतो. तेव्हा पावसाळा संपलेला असतो आणि कुणालाही ओढा आठवत नाही.

हे मी तावातावानं लिहितोय, कारण भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मोटरसायकल हौसेची वस्तू नाही. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं घेतला, नाव बदललं तरी खोरी तीच आहेत. गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं, हिरडस मावळ. प्रत्येक खोऱ्यात एक नदी, तिला दोन्ही अंगांनी येऊन मिळणारे ओढे, आणि बहुतेक ठिकाणी पुढे एक धरण. वेळवंडीवर भाटघर, १९२८ मध्ये पुरं झालेलं. नीरेवर नीरा-देवघर. कानंदीवर गुंजवणी. पलीकडे पानशेत आणि वरसगाव. धरण झालं तसा नदीकाठचा सरळ रस्ता पाण्याखाली गेला आणि नवा रस्ता जलाशयाला वळसे घालत, प्रत्येक ओढा ओलांडत डोंगराच्या कडेनं गेला. भाटघरचं पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत पोचतं. पानशेत-वरसगावचं पुणेकरांच्या नळाला येतं. ज्यांच्या रानातून ते पाणी गोळा होतं, त्यांच्या वाट्याला ओढ्यावरची फरशी येते.

त्या फरशीवरून कोण जातं ते पाहा. पहाटे दुधाचे कॅन लावून डेअरीला निघालेला. शिरवळच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून घरी परतणारा. आशाताईंना वाडीवर सोडायला निघालेला त्यांचा मुलगा. झेडपीच्या शाळेचे गुरुजी. फॉल्ट शोधत फिरणारा वायरमन. एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते आणि पाऊस चढला की तीही कधी अलीकडच्याच गावातून मागे फिरते. मग उरते ती मोटरसायकल. ती बंद पडली तर दूध नासतं, खाडा पडतो, गोळ्या पोचत नाहीत. अशा माणसाला ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा’ एवढंच सांगून भागत नाही. केळद, भुतोंडे किंवा शिरगावहून ते केंद्र अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असतं, आणि गाडी टाकून न्यायला टेम्पो लागतो तो वेगळाच.

तर आता गाडी घरी आली, चावी खिशात आहे. सीट काढा. बॅटरीची वायर सोडवा, आधी ऋण टोकाची, मग धन टोकाची. पाण्यात विजेचा प्रवाह चालू राहिला की वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज धरायला वेळ लागत नाही, आणि पुढे वर्षभर गाडी मधूनच बंद पडत राहते. पाणी नेमकं कुठवर चढलं होतं ते पाहा. चिखलाची रेघ सीटखालच्या एअर फिल्टरच्या तोंडाच्या खाली असेल तर अर्धी काळजी मिटली. अर्धीच म्हणतो, कारण इंजिन बंद पडलं की सायलेन्सरच्या वाटेनंही पाणी वर येतं. गाडी चालू असेपर्यंत धूर त्याला बाहेर रेटत असतो. ती बंद पडल्यावर रेटणारं कुणी उरत नाही.

फिल्टरची पेटी उघडा. कागदी फिल्टर भिजला असेल तर तो वाळवून परत बसवू नका, नवा घ्या. फुगलेला कागद फाटतो आणि त्यातून गेलेली माती बोर खाते. पेटीच्या तळाशी एक रबरी नळी असते, तिचं बूच काढा. तिथून पाणी निघालं तर ते पुढेही गेलं असं धरूनच चाला.

आता प्लग. प्लग काढायच्या आधी त्याच्या खळग्यात साचलेलं पाणी फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर जे आत गेलं नव्हतं ते तुम्हीच आत सोडाल. काही गाड्यांच्या हेडला हे पाणी वाहून जायला बाजूनं बारीक भोक असतं. आपल्याकडच्या लाल चिखलानं ते हमखास बुजलेलं सापडतं, तार घालून मोकळं करा. प्लग निघाला की किक सावकाश, हातानं दाबा. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली तर घाबरू नका, चांगलंच झालं. तेच पाणी रॉड वाकवणार होतं. तोंड मात्र बाजूला ठेवा आणि जवळपास बिडी, काडी, चूल काही नको, कारण पाण्याबरोबर पेट्रोलही उडतं.

किक नसलेली गाडी असेल तर? कंपन्यांनी हल्ली कित्येक गाड्यांची किक काढून टाकली आहे. शहरात ती कुणी वापरत नाही, हे त्यांचं म्हणणं असेल. ओढ्याकाठी उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांनी विचारलेलं नाही. तरीही वाट आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, स्टँड नसेल तर मागचं चाक अधांतरी राहील असा दगड लावा, वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हातानं पुढच्या दिशेनं फिरवा. प्लग काढलेला असल्यामुळे इंजिन आत सहज फिरतं आणि पाणी बाहेर येतं. चावी बंदच हवी. बोटं साखळीपासून लांब ठेवा.

पाणी निघायचं थांबलं की प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि पुन्हा दोन-चार वेळा फिरवा. बोरला तेलाचा हात लागला की गंज थांबतो. ओला बोर तसाच ठेवून ‘उन्हं पडल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, मावळात जुलै महिन्यात उन्हं पडत नाहीत.

मग ऑइल. गेज काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. पातळी पूर्वीपेक्षा वर गेली असेल तरीही तेच समजा. असं ऑइल आत ठेवून गाडी एक मिनिटही चालवायची नाही. खालचा नट काढून सगळं सांडा, स्वस्तातलं पण दुचाकीचंच ऑइल भरा, गाडी चालू झाल्यावर काही मिनिटं जागेवर चालवा आणि तेही काढून टाका. पुन्हा चहाचा रंग दिसला तर पुन्हा. रंग स्वच्छ आला की मग चांगलं ऑइल. इथे एक सल्ला गावोगाव ऐकू येतो: ‘डिझेल टाकून धुऊन काढ.’ ऐकू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, बेअरिंगनाही तेच ऑइल वंगण पुरवतं, आणि डिझेल कितीही निथळलं तरी थोडं आत राहतंच. काढलेलं ऑइल ओढ्यात ओतू नका, हे वेगळं सांगावं लागू नये. पण दर दसऱ्याला नदीत चाकं बुडवून गाड्या धुतल्या जातात, म्हणून सांगतो. खालच्या गावाची पाण्याची विहीर त्याच काठावर आहे.

आता पेट्रोलकडे वळू. बुडालेल्या गाडीच्या टाकीत पाणी जातं हे सगळ्यांना कळतं. न बुडालेल्या गाडीच्या टाकीतही जातं, हे कळत नाही. टाकीच्या झाकणाभोवती जी खोलगट जागा असते, तिथलं पावसाचं पाणी एका बारीक नळीनं खाली जायचं असतं. नळी धुळीनं बुजली की पाणी झाकणाभोवती साचतं आणि रबर जुनं असेल तर टाकीत झिरपतं. शेडशिवाय अंगणात उभी असणारी गाडी चार दिवसांच्या झडीनंतर सकाळी घेत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. फुकटचा उपाय म्हणजे पावसाळ्यापूर्वी त्या नळीत फुंकर मारून पाहणं.

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी जातं, आणि कॉक तळालाच असतो. इंजिनला पहिला घोट पाण्याचा मिळतो. कार्बरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो, तो सैल करून येईल ते पारदर्शक बाटलीत धरा. थोडा वेळ ठेवा. खाली वेगळा थर दिसला की निदान झालं. २०२५ पासून देशभर पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यानं यात एक नवी भानगड आणली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून निमूट जळून जातं. जास्त झालं की इथेनॉल पाण्याला घेऊन एकदम वेगळं होतं आणि तळाशी बसतं. वर उरतं ते इथेनॉल गेलेलं, कमी ताकदीचं पेट्रोल. म्हणजे खालचा थर काढून वरचं वापरू, हा जुना हिशेब आता लागू नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, पुसून कोरडी करा, ताजं पेट्रोल घाला. शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल वाचवायला जाऊन इंजिन बिघडवून बसू नका.

एवढं झाल्यावर करंट तपासायचा. बॅटरी जोडा. प्लग घासून, कोरडा करून, शक्यतो नवाच घेऊन कॅपमध्ये बसवा आणि त्याचं लोखंड इंजिनला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर. ठिणगी निळी आणि ठसठशीत दिसली पाहिजे. लोखंड टेकवल्याशिवाय सेल मारू नका, सुटलेला करंट वाट शोधत आतला महागडा भाग जाळू शकतो. ठिणगीच नसेल तर आधी प्लगची कॅप उघडून पाहा, त्यात थेंबभर पाणी अडकलेलं असतं. मग हँडलवरचं लाल बटण, मग साइड स्टँडचा स्विच. नुसत्या पावसानं बंद पडलेल्या गाड्यांतल्या कितीतरी या एका चिखलानं भरलेल्या स्विचमुळे बंद असतात, आणि मालक इंजिन खोलायच्या गोष्टी करत असतो. धुवायच्या केंद्रातून आणलेली गाडी दारात येऊन घेईना झाली तर तीही इथेच तपासा. प्रेशरचा फवारा प्लगवर, वायरिंगवर आणि चाकांच्या बेअरिंगवर मारू नका, असं तिथल्या पोराला आधीच सांगून ठेवावं.

गाडी वाळवायला चुलीजवळ नेणारी माणसं आहेत. भिजलेल्या गाडीतून पेट्रोलची वाफ निघत असते. घर पेटेल. पंखा लावा, नाहीतर पंक्चरवाल्याकडची हवा मारा. विजेवरची स्कूटर बुडाली असेल तर तिला चार्जिंगला मुळीच लावू नका, घराबाहेर, माणसांपासून लांब उभी करा. हिच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय काही नाही, माहितगाराला बोलवा.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांचा कार्बरेटर जाऊन इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण आता पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसतो, सगळा कारभार सीटखालच्या एका डबीकडे असतो आणि ती डबी काय म्हणते ते वाचायला यंत्र लागतं. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळल्यावर रस्त्याकडेला जी पत्र्याची गॅरेजं दिसतात, तिथले फिटर आवाजावरून टायमिंगची साखळी ओळखतात. त्यांचं कसब मी कुठल्याही शोरूमच्या वर धरीन. भिजलेली गाडी आणली की पानाही न उचलता ते पहिला प्रश्न विचारतात, ‘सेल मारलास का भाऊ?’ या माणसांकडे स्कॅनर नाही, वायरिंगचा नकाशा नाही, कुठल्या पिनेवर किती व्होल्ट पाहिजेत तो तक्ता नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. पाऊल योग्य पडलं. आता कंपन्यांनी वायरिंगचे नकाशे आणि दोषांच्या खुणा मराठीतून, फुकट आणि फोनवर उघडतील अशा द्याव्यात. गाडी विकताना खेडं चालतं, तर माहिती देतानाही चाललं पाहिजे.

तोवर फिटर मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: कित्येक इंजेक्शनच्या गाड्यांत मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा ठरावीक पद्धतीनं लुकलुकून दोष सांगतो. त्याची आवर्तनं मोजायला शिकलं की यंत्राशिवायही बराच पल्ला गाठता येतो.

विम्याचं दुखणं निराळं. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. कागदावर पाच वर्षं दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण तो विमा आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर कामाचा. आपलीच गाडी पुरात गेली तर त्यातून एक पैसा मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो, तो वर्षाच्या वर्षाला नव्यानं करायचा असतो, आणि जुन्या गाडीसाठी तो भरायचा बहुतेक जण सोडून देतात. बरं, तोही असला तरी इंजिनात पाणी जाऊन रॉड वाकला, तर कंपनी म्हणते की हे पुराचं थेट नुकसान नव्हे, गाडी चालू करायला गेल्यामुळे झालेलं पुढचं नुकसान आहे. त्याला इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी लागते. ही अट माणसाला पॉलिसी देतानाच तोंडी, मराठीत सांगितली पाहिजे. सांगत नाहीत, हे मला रागानं लिहावंसं वाटतं. तुमच्याकडे विमा असेल तर चिखलाची रेघ दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत काही उघडू नका. इथेही पहिला प्रश्न तोच असतो, चालू करून पाहिली होती का.

गाडी चालू झाली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढा, ओले लायनर पहिल्या दोन-तीन ब्रेकला धरत नाहीत आणि पाबे घाटाच्या उतारावर ते कळायला नको. साखळीला तेल, क्लचच्या वायरीला तेल. चाकांची बेअरिंगं महिनाभरानं आवाज करू लागतात, तेव्हा ती बदला.

आता पाण्यात गाडी घालण्याविषयी. शनिवार-रविवारी मढे घाटाकडे आणि वरंध घाटाकडे येणारी पोरं पाण्यातून वेगानं गाडी काढतात, कारण फवारा व्हिडिओत चांगला दिसतो. वेगानं गेलं की चाकापुढे लाट उठते आणि ती थेट फिल्टरच्या तोंडाशी चढते. वितभर पाण्यातही इंजिन याच रीतीनं पाणी पितं. पहिला गिअर, एकसारखी मूठ, सावकाश चाल, आणि तेही पाणी उथळ, संथ आणि तळ दिसत असेल तरच. पाणी वाहतं असेल तर गोष्टच वेगळी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. आणि खालची फरशी जागेवर आहे की नाही, हे गढूळ पाणी सांगत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. वरंध घाट उतरलं की तेच महाड. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा चढला आणि इकडे खेड-शिवापूरलाही माणसं वाहून गेली. शहरात ओढ्याकाठच्या सोसायट्यांत दुचाक्या एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या होत्या. गाडी पुन्हा घेता येते. दुधाची एक खेप चुकली तर चुकू द्या.

हे मी सांगतो खरा, पण पलीकडच्या काठावर ज्याचं घर आहे त्याला रोज सायंकाळी हा निर्णय अंधारात घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला त्याच्यापाशी काहीच नसतं. पूल बांधायला वर्षं लागतात, निधी लागतो, हे मान्य. मात्र फरशीच्या दोन्ही टोकांना एकेक खांब रोवायला वर्षं लागत नाहीत. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, त्यात हे बसवता येईल. खांबावर वितावितानं पांढरे पट्टे. मोटरसायकलच्या चाकाचा आस ज्या उंचीवर असतो तिथे पिवळा पट्टा: इथवर पाणी आलं तर थांबा. फिल्टरच्या तोंडाच्या उंचीवर लाल. पट्टे फरशीच्या पातळीपासून मोजलेले हवेत, रस्त्याच्या चढावरून नव्हेत, नाहीतर ते फसवतील. रात्री दिव्याच्या उजेडात चमकतील असा रंग वापरा. आणि खांब प्रवाहाच्या खालच्या अंगाला रोवा, म्हणजे पुराबरोबर आलेला ओंडका आधी फरशीला अडेल. हे काम मृगाच्या आधी व्हायला हवं, लावणी सुरू झाली की गावात हात रिकामा सापडत नाही.